कानउघाडणी

आमचे साडू जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत. परवा आले ते तोंड एवढंसं करून. म्हणाले, "समुपदेशनाचं पत्र आलंय."

मी म्हटलं, "अरेरे. आता कुठलं गाव?"

दोष माझा नाही, शब्दाचा आहे. शिक्षकाच्या घरात समुपदेशन म्हणजे बदली. भिंतीवर रिकाम्या शाळांची यादी, हातात सेवाज्येष्ठतेचा नंबर, मागून 'आटपा गुरुजी'चा गजर, आणि दोन मिनिटांत ठरवायचं की पुढची वर्षं कुठल्या घाटाखाली काढायची. बदल्या ऑनलाइन गेल्या तरी शब्दाला चिकटलेली धडधड काही गेली नाही. बारावी झालेल्या पोराच्या घरी याच शब्दाचा अर्थ प्रवेशाची फेरी. आणि पोलिस ठाण्यात? 'टवाळखोरांना ताब्यात घेऊन समुपदेशन करून सोडण्यात आले.' ते समुपदेशन किती वळ उठेपर्यंत चाललं, हे बातमीदार कधी लिहीत नाही.

साडूंना आलेलं पत्र मात्र खऱ्या समुपदेशनाचं होतं. विषय: विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य व मनोसामाजिक प्रथमोपचार. एकदिवसीय, तालुकास्तरीय. उपस्थिती अनिवार्य. येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणणे. मन सांभाळायला आधार लागतोच म्हणा.

पत्र आभाळातून पडलेलं नव्हतं. २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. विशाखापट्टणमला वसतिगृहात राहून नीटची तयारी करणारी एक मुलगी २०२३मध्ये दगावली, तिच्या वडिलांनी दाद मागितली, त्यातून हा निकाल आला. कोर्टानं पंधरा सूचना दिल्या आणि कायदा होईपर्यंत त्या पाळायच्या असं बजावलं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं निदान एक पात्र समुपदेशक हवा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या शक्यतो पाडू नका. चारचौघांत पोरांचा पाणउतारा करू नका. आणि वर्षातून किमान दोनदा सगळ्या शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्या.

यातला 'शिक्षकेतर' हा शब्द लक्षात ठेवा. तो पुढे चहा घेऊन येणार आहे.

आकडेही सांगून टाकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदलेल्या आहेत. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या. राज्यांच्या यादीत आपण पहिले. एरवी पहिला नंबर आला की आपण चौकात फ्लेक्स लावतो, हा नंबर कुणाच्या फ्लेक्सवर दिसला नाही.

तर प्रशिक्षण. साडूंनी सांगितलेला वृत्तांत असा. दहाची वेळ होती, साडेअकराला दीपप्रज्वलन झालं. मग प्रास्ताविक. मग सत्कार. मग ज्यांचा सत्कार झाला त्यांची मनोगतं. एका साहेबांनी 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं, मास्तरांच्या एका छडीत सगळं डिप्रेशन उतरायचं' असं सांगून टाळ्या मिळवल्या. मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणात हे वाक्य बोललं गेलं नाही तर ते प्रशिक्षण ग्राह्य धरत नाहीत, असा माझा समज होत चालला आहे.

मग सुलभक उभे राहिले. त्यांच्या पीपीटीवर शब्द होते: समानुभूती, भावनिक नियमन, चिंताग्रस्तता, आत्मघाती विचारसरणी, संदर्भसेवा. शिक्षकांनी ते वहीत उतरवून घेतले. उतरवून घेण्यात आपला हात कुणी धरणार नाही. आता प्रश्न एवढाच, की आठवीतलं पोरगं यातला कुठला शब्द बोलतं? 'गुरुजी, मला चिंताग्रस्तता जाणवते आहे' असं म्हणणारं पोरगं वक्तृत्व स्पर्धेतच सापडेल. खरं पोरगं म्हणतं, "सर, पोटात दुखतंय, घरी जाऊ?" खरी पोरगी म्हणते, "बाई, करमत नाही." कॉलेजातलं पोरगं म्हणतं, "बोअर होतंय यार." अभ्यासिकेतलं म्हणतं, "डोकं चालेना." आजीचं 'जीव लागत नाही' आणि नातवाचं 'मूड नाही' यांत दोन पिढ्यांचं अंतर आहे, दुखणं बहुतेक एकच. मराठीत मनाची तक्रार पोटातून, छातीतून, डोक्यातून येते. मन हा शब्द आपण शुभेच्छांना राखून ठेवला आहे. त्या पोटदुखीचं काय करायचं, तर शाळेत तिचं भाषांतर ठरलेलं आहे: "नाटकं करू नकोस. गणिताचा तास आहे म्हणून दुखतंय ना?"

कधीकधी खरंच गणितासाठीच दुखत असतं. मी स्वतः त्या पंथाचा. पण सलग तिसऱ्या सोमवारी दुखलं तर एकदा विचारावं, एवढंच त्या पंधरा पानी पीपीटीचं सार आहे, आणि ते पीपीटीत कुठंही नव्हतं.

दिवसभरात एकच माणूस कामाचं बोललं. जिल्हा रुग्णालयातून आलेली मानसशास्त्रज्ञ, वय पंचवीस-सव्वीस. तिला सुलभक आणि जेवण यांच्या मधली चाळीस मिनिटं मिळाली होती. तिनं पीपीटी लावलीच नाही. म्हणाली, जागतिक आरोग्य संघटनेनं २०११मध्ये साध्या माणसांसाठी एक पुस्तिका काढली, त्यात तीनच कामं सांगितली आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. तुम्ही डॉक्टर होऊ नका. उपदेश करू नका. पोराला एकटं सोडू नका आणि योग्य माणसापर्यंत पोचवा. मग म्हणाली, आता शेजाऱ्याकडे वळा आणि त्याच्या डोळ्यांत बघून विचारा, "तुला मरावंसं वाटतं का?"

सभागृहात चिडीचूप.

साडू म्हणाले, "अहो, एकाच्या तोंडून शब्द फुटेना. मी शेजारच्या गुरुजींकडे बघितलं, त्यांनी खिडकीकडे." मग एकानं शंका काढली: असं विचारलं तर नसलेलं पोराच्या डोक्यात नाही का शिरणार? तिनं सांगितलं, शिरत नाही. विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोराचं ओझं हलकं होतं. हे जगभर तपासून झालेलं आहे. पण पटायला जड गेलं सगळ्यांना.

मला यात मौज वाटली. कारण ज्या तोंडांतून तो प्रश्न फुटेना, त्याच तोंडांतून दिवसातून दहा वेळा काय बाहेर पडतं? 'मर मेल्या.' 'कुठं मेला होतास?' 'मुडद्या, फळ्याकडे बघ.' 'जीव दे जाऊन.' रागात मरण आपल्या जिभेवर नाचतं आणि काळजीनं तोच शब्द उच्चारायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. प्रशिक्षण द्यायचं तर या एका प्रश्नाचं द्यावं. दिवसभर. शेजाऱ्याकडे वळून, पुनःपुन्हा, तोंड सैल होईपर्यंत. पण मग सत्कार कधी करणार?

तेवढ्यात चहा आला. आणणारा, ज्या शाळेत प्रशिक्षण होतं तिथला शिपाई. हाच तो शिक्षकेतर. मधल्या सुट्टीत कोण पोरगं भिंतीला टेकून एकटं बसतं, कुणाचा डबा न उघडता परत जातं, कोण संडासात जाऊन रडून येतं, कुणाला कोण चिडवतं, हे शाळेत ज्या एका माणसाला ठाऊक असतं तो. कोर्टानं त्यालाही प्रशिक्षण द्या म्हटलं होतं. त्या दिवशी त्याच्या वाट्याला आल्या त्या कपबश्या. बसायला खुर्ची कुणी दिली नाही.

चाळीस मिनिटांचा गजर झाला, मानसशास्त्रज्ञ बाईंचा माइक काढून घेतला, आणि जेवणानंतर उत्तरचाचणी. सर्वांना शंभरपैकी शंभर. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर शेवटच्या स्लाइडवर होता. २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. ती स्लाइड पडद्यावर होती तेव्हा सगळे प्रवासभत्त्याच्या कागदावर सह्या करत होते.

माझे साडू आळशी नाहीत. तसे कुठलेच गुरुजी नसतात, त्यांना वेळ मिळत नाही आळशीपणाला. सकाळी खिचडीच्या तांदळाचं वजन, मग पोर्टल, मग मतदार याद्या, मग झाड लावल्याचा फोटो, झाड जगल्याचा फोटो, आणि दोन वर्ग एकत्र बसवून उरल्या वेळात अध्यापन. त्यात आता भर: पोरांचं मन. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत ठरले आहेत, शक्यतो एक बाई, एक बुवा. साडूंच्या शाळेत शिक्षकच दोन. एक बाई, एक साडू. शोधाशोधीचा प्रश्नच आला नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती प्रत्येक प्रशिक्षणाच्या पत्राला टाचणीनं जोडून द्यावी अशी आहे. गोव्याची संगत ही संस्था मनाच्या आरोग्यात १९९६पासून काम करते. या मंडळींनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळा घेतल्या, साधारण पंचाहत्तर, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटात शाळेतल्याच शिक्षकाला प्रशिक्षण देऊन कार्यक्रम सोपवला. दुसऱ्यात तोच कार्यक्रम एका साध्या माणसाकडे दिला. मानसशास्त्राचा पदवीधर नाही, नुसतं या कामासाठी शिकवून नेमलेला माणूस, दुसरं काम काही नाही. तिसऱ्यात नेहमीचंच चालू ठेवलं. २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. साध्या माणसाच्या शाळांत मुलांचं नैराश्य कमी झालं, दादागिरी कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकाच्या शाळांत? तिसऱ्या गटाहून काही वेगळं घडलं नाही.

हे वाचून शिक्षकांना नावं ठेवायला सरसावणाऱ्यांनी जरा थांबावं. बिहारचे शिक्षक वाईट आणि तो साधा माणूस संत, असं माझं म्हणणं नाही. माझं वाचन असं, की त्या माणसाकडे खिचडी नव्हती. मतदार यादी नव्हती. त्याला सहामाहीचे पेपर तपासायचे नव्हते, आणि ज्या पोराचं ऐकायचं त्यालाच नापास करायचा अधिकारही त्याच्या हातात नव्हता. ऐकायला कान लागतात हे सगळ्यांना कळतं. रिकामा तास लागतो, हे कुठल्याच परिपत्रकात सापडत नाही. वेळापत्रकातून एक ओळ कमी न करता 'संवेदनशील व्हा' असा आदेश काढणं म्हणजे भरल्या एसटीत आणखी चाळीस माणसं कोंबून कंडक्टरला 'जरा हसतमुख राहा' म्हणण्यातला प्रकार आहे.

आपली भाषाही या बाबतीत फितूर आहे. कानाचे वाक्प्रचार काढून बघा. कान पिळणे, कान धरणे, कान टोचणे, कान भरणे, कानफटात देणे. सगळे दुसऱ्याच्या कानावर चालणारे प्रयोग. कानउघाडणी हा केवढा सुंदर शब्द! कान उघडणे. पण उघडायचे कुणाचे? समोरच्याचे, आणि तेही ओरडून. म्हणून तर शाळेत 'मी त्याचं समुपदेशन केलं' याचा अर्थ 'मी त्याला अर्धा तास झापलं' असा निघतो आणि कुणालाच त्यात काही खटकत नाही.

त्यातून पोरगं बोललंच, तर पुढचा घाट स्टाफरूमचा. 'कुणाला सांगू नका हं' या प्रस्तावनेसह गोष्ट दुपारपर्यंत सहा कपांत ढवळून निघते. पोरांना हे पक्कं ठाऊक असतं. तक्रारपेटी असते, नाही असं नाही. ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, त्यांच्या खुर्चीतून नीट दिसेल अशी टांगलेली असते. तिच्यात वर्षभरात जमा होतं ते चॉकलेटचे कागद.

शहरातही वेगळं काही नाही. तिथं हे काम हंगामी आहे, आंब्यासारखं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रं 'अपयशाने खचू नका'ची चौकट टाकतात, शेजारच्याच पानावर क्लासची पानभर जाहिरात, पोरांचे फोटो आणि फोटोखाली मार्क. १० सप्टेंबरला आत्महत्या प्रतिबंध दिन, १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन. रांगोळी, शपथ, फोटो. ११ ऑक्टोबरपासून पोरांनी आपापलं बघायचं.

राजस्थानातल्या कोटा शहरात २०२३ साली वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंगा लावायचे आदेश निघाले. लोक हसले. मी हसणार नाही. आडकाठी असली की तो एक क्षण टळतो आणि टळलेला क्षण लाखमोलाचा असतो, हे या विषयातली सगळी माणसं सांगतात. कोर्टाच्या पंधरा सूचनांतही ते आहे. पण पंख्याला कधी ढिलं सोडायचं हे शिकवून झालं. रेक्टरला कधी शिकवणार?

पुण्यात नव्या पेठेत, सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका आहेत. तिशीला टेकलेली पोरं एका खुर्चीचं भाडं भरून बसलेली असतात आणि गावाकडे 'यंदा होईल' असं सांगत असतात. लातुरात डॉक्टर व्हायला आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या खोल्या आहेत. तिथं या पोरांकडे बघणारं कोण? प्राध्यापकाच्या समोर वर्गात तीनशे डोकी. आणि मेसवाल्या काकू? त्यांना कळतं कुणाचा डबा चार दिवस भरलेलाच परत आला. अभ्यासिकेचा मालक ओळखतो कोण रात्री घरी जायचंच बंद झालंय. झेरॉक्सवाला, चहावाला, खोलीचे घरमालक. 'बघा' हे पहिलं काम ही मंडळी कुणी न शिकवता करतात. फक्त बघून झाल्यावर पुढे काय, ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. म्हणून काकू त्या डब्याचे पैसे लावत नाहीत आणि गप्प बसतात.

हे शिकवता येत नाही असं समजू नका. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य केंद्रानं 'आत्मीयता' नावाचा प्रयोग केला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवायचं: अस्वस्थ माणूस ओळखा, त्याच्याशी बोला, जास्त असेल तर दवाखान्यापर्यंत नेऊन सोडा. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ४१ गावांत तो चालला आणि पुढे गुजरातेत मेहसाण्यात गेला. पुण्याच्या मंडळींना हवी ती पेठ नाशिकला सापडली. सदाशिव पेठेच्या काकू अजून वाट बघताहेत.

तर साडू. प्रशिक्षण होऊन पंधरवडा झाला होता. मधल्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा कार्यालयाच्या दाराशी येऊन उभा राहिला. साडूंनी विचारलं, "काय रे?" "काही नाही सर." पाच वाजेपर्यंत कुठलीशी माहिती पोर्टलवर भरायची होती. साडू म्हणाले, मला ते समानुभूतीचे पाच टप्पे काही केल्या आठवेनात. म्हणून म्हटलं, बस इथं, खिचडीचा हिशेब लिहायला मदत कर. मी सांगतो, तू आकडे टाक.

तांदूळ, मूगडाळ, तेल, मीठ. चौथ्या रकान्यापर्यंत तो नुसता लिहीत होता. पाचव्याला बोलायला लागला. पेन चालूच, मान खाली. साडूंनी लॅपटॉप मिटला. पोर्टल राहिलं.

तो काय बोलला हे साडूंनी मला सांगितलं नाही. मी दोनदा खोदून विचारलं, तरी नाही. तेवढंच म्हणाले, की त्या मानसशास्त्रज्ञ मुलीनं शिकवलेला प्रश्न शेवटी विचारला, आवाज फाटला पण विचारला. पोरानं मान हलवली, होकाराची. मग त्याला सोडलं नाही. आईला शेतातून बोलावून घेतलं, तिथूनच १४४१६ लावला, आणि दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन जिल्हा रुग्णालयात त्याच मानसशास्त्रज्ञ मुलीकडे गेले. त्या दिवसाची साडूंनी किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, घरगुती.

महिनाअखेर प्रशिक्षणाची लिंक आली. प्रश्न: आपण किती विद्यार्थ्यांचे समुपदेशन केले? संख्या लिहा. विद्यार्थ्याचे नाव लिहा. जिओ टॅग फोटो अपलोड करा.

साडूंनी शून्य भरलं.

संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन. "गुरुजी, शून्य चालत नाही. लाल दिसतंय केंद्र. निदान पाच टाका, फोटो कुठलाही चालेल."

त्यांनी स्नेहसंमेलनाचा लावला.